चेअरमन दिसले की मशीन बंद

चारुशीलाबाईंच्या रागाला सांगलीतल्या त्या छापखान्यात सगळे वचकून असत, मालक लालासाहेबसुद्धा. बाई खिळे जुळवत असताना कुणी मागे उभं राहून डोकावलं, तर त्या मान न वळवता म्हणत, "उजेड सोडा." शिशाची उलटी अक्षरं एकेक करून उचलायची, ओळ भरायची, पान बांधायचं, हे काम त्या लग्नाआधीपासून करत होत्या. त्यांच्या पानात कुणी चूक दाखवली, तर लालासाहेब आधी त्यालाच चष्मा बदलायला सांगत.

पण अठ्ठ्याण्णव साल उजाडेतो खिळ्यांचे दिवस भरले होते. लालासाहेबांनी कॉम्प्युटर आणला. शेजारी उभी राहून खिळे जुळवणाऱ्या बयाबाईला काम उरलं नाही. ती तासगावकडे द्राक्षबागांत मजुरीला जाऊ लागली. जाताना म्हणाली, "माजं ऱ्हाऊ दे गं. तुजं तरी टिकीव." चारुशीलाबाईंनी ते मनाला लावून घेतलं. विश्रामबागेतल्या क्लासला जाऊन, विशीतल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून त्या मशीन शिकल्या. नवऱ्याची नोकरी होती, घरची चूल काही विझणार नव्हती. पण छापखान्यात पाय ठेवला की आपण कुणीतरी आहोत असं त्यांना वाटे, आणि ते त्यांना कुणासाठीही सोडायचं नव्हतं.

दसऱ्याला घोडं अडलं. खंडेनवमीला छपाईचं ट्रेडल, कटिंग मशीन, खिळ्यांच्या पेट्या आणि कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू लागलं, झेंडू वाहिला. दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर नवं काहीतरी घ्यायचंच, म्हणून लालासाहेबांनी कॉम्प्युटरला नवं डिस्प्ले कार्ड घेतलं, चित्रं झकास दिसावीत म्हणून. कोल्हापूरच्या दुकानाचा माणूस आला. त्याने कार्ड बसवलं आणि फ्लॉपीतून त्याचा ड्रायव्हर चढवला, म्हणजे पडद्यावर चित्र कसं उमटवायचं हे मशीनला सांगणारा प्रोग्रॅम. "जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढून टाकू?" त्याने विचारलं. चारुशीलाबाई पटकन म्हणाल्या, "असू द्या. लागेल कधीतरी." छापखान्यात कधी कुणी काही टाकलंय? वेलांटी तुटलेला खिळासुद्धा तिथे डब्यात जपून ठेवतात. मुहूर्त टळत होता, घरी श्रीखंड वाट बघत होतं. तो माणूस बरं म्हणून, फ्लॉपी बाईंकडे ठेवून निघून गेला.

त्यानंतर मशीन बसकण मारू लागलं. काम होतं एका पतसंस्थेच्या कॅलेंडरचं. तारखा, सणवार, एकादश्या, सगळं ठाकठीक. पण वरच्या कोपऱ्यात चेअरमनचा रंगीत फोटो उघडला की पडदा निळा पडायचा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं यायची आणि मशीन मान टाकायचं. पुन्हा चालू करा, पुन्हा चेअरमन, पुन्हा निळं.

सल्ले काय, फुकटच असतात. शेजारचा हळदीचा व्यापारी म्हणाला, "आमच्या हळदीची धूळ गेली आसंल आत." मशीन खोललं, ब्लोअर मारला, पिवळा ढग निघाला, सगळे शिंकले, आणि चेअरमन दिसताच मशीन बंद. कुणी व्होल्टेजला शिव्या दिल्या. लालासाहेबांनी दारात लिंबू-मिरची बांधली. शेवटी तेही कंटाळले.

"आवं बाई, दिवाळी तोंडावर आलीया. मशीन कोल्हापूरला धाडतो, आन् कामबी तिकडंच करून घेतो. हितं बसून आता तुमी तरी काय करणार?"

ते शेवटचं वाक्य चारुशीलाबाईंना झोंबलं. बयाबाईलाही ते अगदी असंच म्हणाले होते, आणि ती परत आली नव्हती.

"उद्या संध्याकाळपर्यंत या मशीनला कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा."

त्यांनी दुकानाच्या माणसाला फोन लावला. तो बिचारा दहा जागी अडकलेला, पण भला होता. म्हणाला, "सुरू होताना एफ-आठ दाबा आणि सेफ मोडमध्ये जा. तिथे मशीन मोजक्या सामानावर, स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर चालतं. त्यात टिकलं, तर कार्ड बहुतेक धड आहे."

सेफ मोडमध्ये अक्षरं थोराड झाली, रंग मोजकेच उरले. बाईंनी फोटो उघडला. चेअरमनचा एक गाल हिरवा, एक जांभळा. पण ते जागेवर राहिले! बाईंनी फोटो पुन्हा पुन्हा उघडला, मिटला. मशीन चालूच.

त्या हनुवटीखाली हात घेऊन बसल्या. धूळ असती तर ती आत्ताही आत असतीच की. व्होल्टेजही तेच. बदललं काय? फक्त चित्र उमटवणारा. म्हणजे खोट त्या ड्रायव्हरमध्ये.

मशीनला काय काय जोडलंय ते दाखवणारी खिडकी त्यांनी उघडली. डिस्प्लेखाली दोन नावं होती: नवं कार्ड, आणि मशीनमधून केव्हाच निघून गेलेलं जुनं. दोन ड्रायव्हर एकाच पडद्यावर हक्क सांगत होते. साधी अक्षरं असेपर्यंत निभावत होतं, पण भरगच्च रंगीत फोटो आला की दोघांची जुंपत होती.

बाईंनी कपाळावर हात मारला. "असू द्या" म्हणणारं कोण होतं? छापखान्यातल्या पहिल्याच आठवड्यात जुन्या फोरमनने त्यांना शिकवलं होतं: खिळा टाकायचा नाही, पण छापून झालेलं पान आधी सोडवायचं, खिळे पेटीतल्या आपापल्या घरात घालायचे, मगच नवं जुळवायला घ्यायचं. जुन्या पानाच्या चौकटीत नवं कोंबलं, तर दोन्ही जातात. जन्मभर पाळलेला हा नियम त्या मशीनपुढे बसून साफ विसरल्या होत्या. त्यांना स्वतःचा असा राग आला, की खुर्ची कर्रकन पुढे ओढली.

जुना ड्रायव्हर काढला. मशीन नेहमीसारखं सुरू केलं. फोटो उघडला.

निळं.

मागे उभे असलेले लालासाहेब फोनकडे वळले. "ऱ्हाऊ द्या बाई. झाली तेवढी हौस बास."

"उजेड सोडा," चारुशीलाबाई म्हणाल्या.

लालासाहेब मुकाट बाजूला झाले. जुन्यावर चढवलेलं नवंही वाकडंच बसलं असणार, बाईंच्या मनाने घेतलं. त्या परत सेफ मोडमध्ये गेल्या आणि या खेपेला नवाही काढून टाकला. मशीन पुन्हा सुरू केलं. आता पडदा काळाच राहिला, तर कॉम्प्युटर कोल्हापूरला आणि आपण घरी. पण मशीन सुरू झालं, नवं कार्ड सापडलंय म्हणालं, फ्लॉपी मागितली. फ्लॉपी बराच वेळ घरघरत राहिली. मग आणखी एकदा बंद, आणखी एकदा चालू. रंग परत आले.

चेअरमन उघडले. दोन्ही गाल एका रंगाचे. बाईंनी त्यांना मोठं केलं, लहान केलं, इकडून तिकडे फिरवलं. मशीन हूं की चूं करेना.

"आयला!" लालासाहेब म्हणाले. "बाई, मानलं तुमाला. दिवाळीला काय पायजे, बोला. साडी?"

"साडी नको. दुसरी खुर्ची पाहिजे. बयाबाईला बोलवा."

"तिला मशीनमधलं काय येतंय?"

"मला तरी काय येत होतं? मी शिकवीन. कॅलेंडर झालं की लग्नाच्या पत्रिका आहेतच. जे काम कोल्हापूरला धाडणार होता, ते तिला द्या."

लालासाहेबांनी डोकं खाजवलं, छताकडे पाहिलं, आणि बयाबाईला निरोप धाडला.

सोमवारी बयाबाई आली. द्राक्षाच्या काड्यांनी ओरबाडलेले हात पदराला पुसत ती खुर्चीच्या कडेवर टेकली. माऊस तिने असा आवळून धरला, जणू ढिला सोडला तर तो पळूनच जाईल. मग हळूच म्हणाली, "चारू, आगं, माज्या हातनं काय मोडलं मंजी गं?"

चारुशीलाबाईंनी खणातून ती फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली.

"मोडलं तर सोडवून परत जुळवू. दाब."