आशाबाईंचा ‘वा’

लच्छूनं गोल मारला आणि नाचायचं-बिचायचं सोडून तो सरळ चहाच्या टपरीवर आला.

मधुपूरच्या मैदानावर बकऱ्याची टूर्नामेंट चालली होती. बकऱ्याची म्हणजे जिंकणाऱ्याला बकरा. धान कापून झालं की मुलचेऱ्याच्या आसपासच्या, बंगाली निर्वासितांच्या गावांत या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. बक्षिसाचा बकरा दिवसभर गोलखांबामागे बांधलेला असतो, आपल्याला कशाचं देणंघेणं नसल्यासारखा पाला खात. त्या दिवशी आश्रमशाळेच्या संघातून एक काटकुळा पोरगा पहिल्यांदाच खेळत होता. त्यानं मधल्या रेषेपासून चेंडू घेतला, वाटेत येईल त्याला चकवलं, आणि गोलकीपर कुठल्या अंगाला पडावं याचा विचार करत होता तेवढ्यात चेंडू जाळीत घातला. टपरीवर चहा गाळणाऱ्या आशाबाईंच्या तोंडून आपसूक निघालं, “वाऽऽ! वा!”

गाळणीवरून नजर वर केली तर पोरगा समोर उभा. धापा टाकत.

“काय झालं रे? लागलं काय?”

“नाई.”

“मंग इथी काऊन आला?”

“तू बोलावली ना.”

“मी? मी कधी बोलावलं तुले?”

“वा म्हणली. दोन खेपा.”

लच्छू हिचामी एटापल्लीकडचा, सूरजागडच्या डोंगरांपलीकडच्या एका माडिया गावातला. त्याच्या घरच्या बोलीत ‘वा’ म्हणजे ‘ये’. जेवायला ये, पाऊस आला घरात ये, अंधार पडला आता तरी ये. आईची प्रत्येक हाक ‘वा’वर संपणारी. आणि मोठ्या माणसानं बोलावल्यावर जायचं नाही, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. टपरीवर हा उलगडा होईपर्यंत मैदानात शिट्टी वाजून खेळ सुरू झाला होता आणि समोरच्या संघानं गोल फेडलाही होता. कोच सुनिल मंडल रेषेवरून ओरडत होता, “मासी! माझा स्ट्रायकर चहा प्यायला बसवला काय?”

मैदानभर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं हसल्या त्या आशाबाईच.

त्यांचा आवाज माइकशिवाय मंडपातल्या शेवटच्या बैलगाडीपर्यंत पोचण्यासाठी घडलेला होता. वडशाच्या एका नाटक मंडळीत त्या कित्येक हंगाम नायिका होत्या. झाडीपट्टीतलं ते नाटक! धान घरात आलं की गावोगाव मंडईची जत्रा भरायची, सासरच्या लेकी माहेरी यायच्या, धान कापलेल्या बांधीत मंडप उभा राहायचा. पहाटे पडदा पडला की लोक तिथूनच गाईबैलांच्या कामाला जायचे. एखादा संवाद काळजाला लागला की अंधारातून कोणी म्हातारा ‘वा!’ म्हणायचा. त्या एका अक्षरावर आशाबाईंनी आपलं तारुण्य आनंदानं उधळलं.

मग मुलचेऱ्याच्या प्रयोगात, दुसऱ्या अंकात, त्यांना हुडहुडी भरली. प्रेक्षक म्हणाले, काय थरथरते बाई, जिवंत अभिनय! तिसऱ्या अंकाला त्यांना उभंच राहता येईना. मलेरिया होता. मंडळीची दुसऱ्या दिवशी पुढच्या गावची तारीख, त्यांना थांबता येईना. प्रेक्षकांतल्या ललिता मंडलनं या अनोळखी नटीला बैलगाडीत घालून मधुपूरला नेलं, कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या, मऊ भात आणि माशाचा पातळ झोल भरवला. आशाबाई उठून बसल्या तोवर हंगाम सरला होता आणि मंडळीत नवी नायिका आली होती. ललिता म्हणाली, “घरात जागा आहे. राहून जा.” बस, एवढंच. ललिताच्या मांडीवरचा सुनिल मोठा झाला, मुलचेऱ्यात मोटारसायकली दुरुस्त करू लागला, संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवू लागला. आशाबाई त्याची मासी झाल्या. मैदानाच्या कडेला त्यांची टपरी उभी राहिली. ललिता आता नाही, पण रोज सकाळी स्टोव्ह पेटवताना आशाबाई तिच्या नावानं हात जोडतात.

तर लच्छू. पुढचे दोन हिवाळे त्यानं गाजवले. तो असला की बकरा आश्रमशाळेचा, हे ठरलेलंच. ‘वा’ म्हणजे शाबास हे त्याला समजलं होतं. गोल झाला की तो टपरीकडे बघून हसायचा आणि आशाबाई पुन्हा मंडप हलेल असा ‘वा’ द्यायच्या. लोक म्हणायचे, “हा पोट्टा एक दिवस इंडियाकडून खेळते का नाई पाह्यजा.”

आणि मग पोरगा वाढला. पावसाळ्यातल्या बांबूच्या कोंबासारखा सरसर वाढला, आणि नवे लांब पाय कसे वापरायचे ते त्याला समजेना. जिथे चेंडू असायला हवा तिथे तो नसायचा. गोल आटले. बंगाली, तेलुगू, मराठी सगळ्या जिभांवर एकच शब्द आला, “संपला.” कोणी हाक मारून विचारायचं, “काय लच्छूभाऊ, गोल कुठी ठेवला? घरी विसरला काय?”

यंदाच्या हिवाळ्यात त्याची आई सोमारी येऊन टपरीच्या बाकावर बसली. पदरात आवळे बांधून आणले होते, ते तिनं आशाबाईंच्या ओंजळीत सोडले.

“बाई, मोहफूल पडायला लागन आता. तोवर पाह्यतो. मंग त्याचा मामा त्याले खाणीवर लावून देते.”

“अवं, पण पोरगा खेळते ना.”

“खेळणं वाईट नाई. पन गोल नाई होत, तं मंग कायले?” सोमारीच्या बोलण्यात राग नव्हता. आशाबाईंनी तिच्यापुढे चहाचा कप सरकवला.

मोह पडण्याआधी एकच मोठा सामना उरला होता, टूर्नामेंटची फायनल. नागपूरच्या एका क्लबचे दोन सर त्या दिवशी येणार होते. क्लबच्या वसतिगृहात राहून खेळायला आणि शिकायला ते इकडची पोरं निवडणार होते. लच्छूची निवड झाली तर नागपूर, नाही तर खाण.

फायनलच्या आधीच्या एका सामन्यात सुनिल वैतागून टपरीपाशी आला. “मासी, तुम्हीच सांगा. गोल तिकडं समोर असते. हा चेंडू घेते, एकाला कापते, मस्त कापते, अन् मंग तुमच्या टपरीकडं सरकते! काऊन?”

आशाबाईंच्या हातातली किटली थबकली. लच्छूनं आत्ताच एकाला सुरेख चकवलं होतं. आणि त्यांनी आत्ताच ‘वा’ म्हटलं होतं. गोल आटल्यापासून त्या नुसत्या चकवण्यालाच ‘वा’ देत होत्या.

त्यांना नाटक मंडळीत ऑर्गन वाजवणारे गुणवंतराव आठवले. नवथर असताना एका गावी मंडपाच्या डाव्या बाजूनं आशाबाईंना पहिला ‘वा’ मिळाला, आणि मग त्यांनी अख्खा अंक त्याच बाजूला तोंड करून केला. अंक संपल्यावर गुणवंतराव म्हणाले होते, “आशा, तुझा नवरा उजवीकडे मरून पडला, अन् तू डावीकडे पाहून रडून राह्यली! लोकांनी कोणाले मेलं समजावं?”

सामना संपल्यावर त्यांनी लच्छूला बाकावर बसवलं, भज्यांची बशी पुढे केली.

“खरं सांग. माझा आवाज तुले तिथी ऐकू येते?”

“येते.”

“मंग काय होते?”

लच्छूनं भजं चावता चावता बराच विचार केला. “वा म्हणजे शाबास. डोक्याले मालूम आहे.” मग स्वतःच्या लांब पायांकडे बघून तो ओशाळा हसला. “पायाले मालूम नाई.”

पुढच्या सामन्यात आशाबाईंनी तोंडाला पदर बांधला. गिऱ्हाइकांना वाटलं, दाढ दुखते. पण झालं भलतंच. पोरगा चेंडू सोडून दर घडीला टपरीकडे बघायचा. संघ कसाबसा जिंकला आणि तो धावत आला, “बाई, तू बिमार होती काय? का माह्यावर रागावली?”

बोललं तर पोरगा इकडे येतो, गप्प बसलं तर खेळच विसरतो. आशाबाई विचारात पडल्या. टपरीवरचा चहा दोनदा उतू गेला. आणि मग त्या एकट्याच अशा खदाखदा हसल्या, की बाकावरचं कुत्रं उठून गेलं.

फायनलच्या दिवशी पळसाला नुकती फुलं लागली होती. नागपूरचे सर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले. सोमारी कडेला उकिडवी बसली होती. आशाबाईंनी टपरीवर फळी लावली, हातात किटली घेतली आणि वाटेत लच्छूला गाठलं.

“आज मी माह्या बोलीत नाई बोलणार. तुह्या बोलीत बोलीन. समजलं?”

त्याला समजलं नाही. पण त्या चालत चालत समोरच्या संघाच्या गोलामागे जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

“वाऽऽ!” आशाबाईंनी हाक दिली. मंडपातली नाही, अंधार पडल्यावर अंगणातून देतात तशी. “लच्छू, वाऽऽ!”

पोरगा वळला. आणि आला. वाटेतला बचाव त्याला दिसलाच नाही जणू. गोलासमोर येऊन त्यानं असा तडाखा दिला, की चेंडू खांबावरून गेला आणि थेट आशाबाईंच्या किटलीवर बसला. चहा गेला, किटलीला पोचा आला. सुनिल ओरडला, “मासी, लागलं?” आशाबाई ओरडल्या, “माह्यं सोड! बाजू पाह्य, बाजू! बरोबर आला का नाई?”

मध्यंतरानंतर गोल बदलले. आशाबाई दुखरा गुडघा सांभाळत, रिकामी किटली घेऊन, मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला निघाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी हात उंचावून त्या घेतल्याही. टाळी नाकारायची त्यांना सवयच नव्हती. तिथे बक्षिसाचा बकरा बांधलेला होता. त्याच्या शेजारी त्या उभ्या राहिल्या.

“वाऽऽ! वाऽऽ!”

समोरच्या संघाचा गोलकीपर कावला. “आजी, जरा सरका ना. कान फुटून राह्यले माह्ये.”

“तुले कोण बोलावून राह्यलं? तू नको येऊ.”

सामना संपत आला तरी एकही गोल झाला नव्हता. लच्छूला मधल्या रेषेजवळ चेंडू मिळाला. त्यानं एकाला कापलं, आणि जुन्या सवयीनं त्याचा खांदा बंद टपरीच्या बाजूला वळला. आशाबाईंनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटला नाही. इतक्या वर्षांचा, इतक्या मंडपांचा तो आवाज ऐन वेळेला बसला. घशातून नुसती हवा आली.

त्यांनी किटली टाकली आणि दोन्ही हात पसरले. रंगमंचावर हरवलेल्या लेकराला आई बोलावते तसे, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत.

लच्छूनं मान वर केली. त्याला ते हात दिसले. खांदा फिरला, आणि तो आला. लांब लांब टांगा टाकत, चेंडू पायाला बांधल्यासारखा. या वेळी त्यानं तडाखा दिला नाही. गोलकीपर पुढे झेपावला तेव्हा त्यानं चेंडू त्याच्या बाजूनं हलकेच सरकवला. जाळी हलली, बकरा दचकला.

गलका उसळला. पोरं लच्छूच्या अंगावर पडली. त्या गलक्यात आशाबाईंना आपला आवाज परत सापडला, थोडासा, फाटका. त्या स्वतःशीच म्हणाल्या, “वा.” या वेळी आपल्या बोलीतला.

ते लच्छूनं ऐकलं. त्यांनी पाहिलं ना, त्यानं मान वर केली, ओठावर हसू आलं. पण तो त्यांच्याकडे आला नाही. पाठ करून तो मधल्या रेषेकडे धावत गेला आणि खेळ सुरू व्हायची वाट पाहत आपल्या जागेवर उभा राहिला. आजवर असंख्य ‘वा’ झेललेल्या त्या बाईच्या डोळ्यांना तेव्हा पाणी आलं, आणि ते लपवायला आडोसा काय, तर बकरा.

संध्याकाळी पोचा आलेल्या किटलीतून नागपूरच्या सरांना चहा दिला गेला. मोठे सर सुनिलला म्हणाले, “कच्चा आहे अजून. पुढे काय होईल, आज कोणी सांगू शकत नाही. पण वर्षभर ठेवून बघू. गोलासमोर कसा येतो बघा, कोणी बोलावल्यासारखा!”

आशाबाईंनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

पोरगा जायच्या दिवशी सगळे एसटीच्या थांब्यावर जमले. सोमारीनं त्याच्या पिशवीत तांदूळ आणि आवळे भरले. मोहफुलं वेचायला तो नसणार होता. मामाला तिनं तसं सांगून टाकलं होतं. लच्छू आशाबाईंच्या पाया पडला. त्यांनी त्याला वर उचलून छातीशी धरलं आणि मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले. ललिताचे, गुणवंतरावांचे, त्या मलेरियाच्या डासाचेही. तो चावला नसता तर कुठलं मधुपूर आणि कुठला लच्छू!

गाडी सुरू झाली. पोरगा खिडकीतून अर्धा बाहेर. सुनिल शिट्ट्या मारत होता, पोरं धावत होती. एवढ्या गोंगाटात आशाबाई मात्र दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून उभ्या होत्या. डोळे वाहत होते, गाल फुगले होते, पण हात निघेनात.

गाडी वळणाआड गेली, धूळ बसली. सोमारीनं त्यांच्या मनगटाला हात लावला.

“बाई, आता सोडा तोंड. गाडी गेली. आता नाई उतरत तो.”