कापसाच्या खोलीतले शेवटचे गाणे

मऊ वस्तू आवाज शोषून घेतात, हे मी शाळेत ध्वनीच्या धड्यात शिकवत असे. आर्णीतल्या आमच्या घरी मुलाने तेवढ्या आधारावर स्टुडिओ उभारला. भाव वाढण्याची वाट पाहत मागच्या खोलीत कापूस छतापर्यंत रचला होता. त्यात माणूस बसेल एवढी जागा करून तो आपला रेगे अल्बम ध्वनिमुद्रित करीत होता. रेगे मी त्याच्याकडूनच शिकलो. आपण जिथे सम धरतो, तिथे ड्रम बहुधा गप्प असतो; गिटार मधल्या जागेत बोलते आणि गाणे बास गिटारच्या जाड सुरावर उभे राहते.

कापसात वीज नेणे मला पसंत नव्हते. एक ठिणगी पुरे. म्हणून मी अट घातली होती: जळका वास आला, तर न विचारता मेन स्विच बंद करीन.

त्या रात्री एकच गाणे उरले होते आणि सकाळी कापूस न्यायला गाडी येणार होती. खोली रिकामी झाली की आवाज घुमणार. मग ते गाणे बाकीच्यांशी जुळणार नव्हते.

"बाबा, या कापसानं अंग लय खाजते. गाताना खाजवलं की माइकमंदी येते."

"मंग आधीच खाजवून घे ना, राजा," त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

त्याने बास गिटार गळ्यात अडकवून दार लावले. मी स्विचजवळ उभा राहिलो. गाणे अर्ध्यावर आले असेल, तोच ती बाहेर आली.

"अहो, काहीतरी जळून राह्यलं."

"चुलीवर?"

"चहा त कवाचाच उतरला."

शेजारच्या शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या असतील म्हणून अंगणात जाऊन पाहिले. धूर नव्हता. परतलो, तर वास दाराच्या फटीतूनच येत होता. मी स्विच खाली ओढला.

बास थांबला. गाणे थांबले नाही.

मी टॉर्च घेऊन आत शिरलो. बास गिटारच्या ॲम्प्लिफायरचा प्लग वितळून बोर्डाला चिकटला होता आणि खालचा मूठभर कापूस तपकिरी झाला होता. तो उचलून बाहेरच्या बादलीत बुडवला. मग आत कुठे धग उरली का पाहायला ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला. आत गार होते. पुन्हा दुसरीकडे खुपसला. तिथेही गार. मुलगा गाता गाता माझ्याकडे पाहत होता. पाठांतर करणाऱ्या मुलाला करावी तशी मी त्याला 'पुढे म्हण' अशी खूण केली.

माइक आणि लॅपटॉप बॅटरीवर चालत होते. शेवटची ओळ संपल्यावर तो म्हणाला, "बास गेला, बाबा. नवा बोर्ड आणतो, परत घेऊ."

"या खोलीत आता वीज नाही."

"काहून? वायर बदलू ना!"

"नाही."

त्याने लॅपटॉपवर गाणे मागे नेले. नंतर हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. बास तुटला, उघडा आवाज उरला, आणि त्याखाली माझी पावले.

"तुमच्या चपला आल्या."

"आवाजाला धक्का न लावता काढता येतात?"

"नाही येत."

सकाळी गाडी भरली. रिकाम्या खोलीत त्याने एक टाळी वाजवली आणि ती घुमत विरेपर्यंत ऐकली.

"राहू द्या त चपला गाण्यात," तो म्हणाला आणि मान खाजवू लागला.