आसराजीची जोड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही — देवापुढं बसलो की भलतंच काहीतरी मागून उठायचो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आसराजी पहिलवानाला पाहिलेलं नाही, म्हणून असेल. ज्यांनी पाहिलं त्यांच्यापुढं माझी जीभ रेटत नाही.

आसराजी आणि मी शिरूरच्या एकाच तालमीतले. तो मोठा झाला, मी झालो नाही. बीड जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांनी भर मैदानात त्याच्या डोक्याला मंदील बांधला, तेव्हा त्याचे कपडे सांभाळत मी कुस्तीच्या हौद्याच्या कडेला उभा होतो. पुढं माझा गुडघा गेला आणि मी पंच झालो. आमच्या भागातल्या जत्रांत कुस्त्यांच्या जोड्या लावायचं काम माझ्याकडं आलं. पंचानं दोघांची मनगटं धरायची, त्यांना हौद्याभोवती फिरवायचं, आणि जोड बरोबरीची वाटली तर दोघांचे हात वर करायचे. हात वर गेले की कुस्ती ठरली, मग कुणालाच माघार नाही. वजनकाटा कुठला आलाय? पंचाच्या हाताला कळेल ते खरं.

आसराजीनं लंगोट खुंटीला टांगून बरीच वर्षं झाली होती. पन्नाशी आली होती. एका उरुसात तो पुढं बसला होता, तर मैदान राखणारा कुणीतरी त्याला म्हणाला, "ओ म्हाताऱ्या, मागं सर की." एवढंच. दुसऱ्या दिवशी तो तालमीत जोर काढताना दिसला.

मी त्याला अडवायला हवं होतं. गेलोही होतो अडवायला. पण माझं तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "माझी जोड तूच लाव. तुझ्यावर भरवसा हाय." मी मान हलवून घरी आलो.

आणि काय केलं? त्याच्यासाठी माणसं निवडली. ढिली, हौशी, पोटं सुटलेली. तेवढ्यानंही भागेना, तेव्हा कुस्तीआधी गुपचूप त्यांच्या बिऱ्हाडी जाऊन हात जोडायचो — आसराजी वस्तादाचा मान राखा, जरा झुंजा आणि पाठ टेका. ती टेकायची. साऱ्या मुलखाचा जीव होता त्याच्यावर. पहिल्यांदा मी हे दयेपोटी केलं, असं म्हणू? म्हणतो. पण नंतर? नंतर मला ते आवडायला लागलं. ज्याचे कपडे मी सांभाळले तो आता माझ्या मेहेरबानीवर जिंकत होता — आणि त्याला खांद्यावर घ्यायला मीच सगळ्यांच्या पुढं.

त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. अंगातलं बळ परत आलं, असं त्याला मनापासून वाटायचं.

गेवराईच्या जत्रेत त्यानं कडा गावच्या गेनूकडं बोट दाखवलं. गेनू पंचविशीतला, त्याची पाठ अजून कुणी मातीला लावलेली नव्हती. मी आसराजीला बाजूला घेतलं. "ह्यो नको. पुढच्या जत्रंला बघू."

तो हसला. "का रं? एवढे लोळवले की. ह्यो काय येगळा हाय व्हय?"

काय सांगणार होतो? ते सारे आपणहून लोळले होते, हे? गेनूपुढं हात जोडावेत, तर तो असल्यांतला नव्हता. त्यानं मैदानातच बोंब केली असती. मग पंच म्हणून मला पुन्हा कुणी उभं केलं असतं? मी दोघांची मनगटं धरली. आसराजीच्या मनगटात बळ उरलेलं नाही, हे माझ्या मुठीला कळलं. जोड बरोबरीची नाही, इतकंच म्हणायचं होतं. लोकांनी कारण विचारलं नसतं. आसराजीनं विचारलं असतं. हौद्याभोवती फिरवताना वाटत राहिलं — आता म्हणतो, आता म्हणतो. मी हात वर केले.

कुस्ती फार वेळ चाललीच नाही. गेनूनं उचलून टाकला आणि आसराजी मानेवर पडला. गेनूचा दोष नाही. त्यानं समोर पहिलवान आहे असं समजून कुस्ती केली.

मानेखालचं सगळं अंग गेलं. गाडीत कडबा अंथरून त्याला शिरूरला आणलं. त्याची बायको द्वारकावहिनी त्याला घास भरवायची. मी रोज जायचो. "तुमी येता म्हणून बरं हाय, भावजी," ती म्हणायची, आणि मी तिच्या हातचं ताक पिऊन घ्यायचो. इतका निगरगट्ट होतो मी.

एक दिवस आसराजीनं विचारलं, "माझं चुकलं कुठं? खरं सांग." खोलीत आम्ही दोघंच होतो. त्याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी म्हणालो, "उजवा पाय सटकला तुझा."

त्याला ते पटलं. चेहरा उजळला, हो. ताकद कमी पडली नव्हती, पायानं दगा दिला होता. मग त्यानं वहिनीला रोज त्या पायाला तेल चोळायला लावलं. ती चोळायची आणि तो विचारायचा, "येतंय का गं बळ?" त्याला तिचा हातसुद्धा कळत नव्हता. तिचे हात भरून आले की मी वाटी घ्यायचो आणि चोळायला बसायचो. तो मरेपर्यंत मी तो पाय चोळला. त्यानं विचारलं की म्हणायचो, येतंय.