धुणेकाका आणि खाली न बसणारा गाळ

माझ्या मुलीच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना धुणेकाका म्हणतात. सव्वीस वर्षं ते इतरांच्या प्रयोगांची भांडी घासत आलेत. बोटांच्या टोकांना कायमच्या सुरकुत्या, खांद्यावर फडकं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझा चेहरा बघूनच म्हणाले, "आई ना? ॲसिड कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्याकडे. आता बसा."

मुलीचा विषय ग्राफीन. पेन्सिलीतल्या ग्राफाइटचा एका अणूइतका पातळ पापुद्रा. भलता मजबूत, पण पाण्याशी त्याचं वाकडं. टाकला की गोळा होऊन बसतो. म्हणून रसायनं वापरून त्याला ऑक्सिजन चिकटवायचा. मग तो पाण्यात छान पसरतो आणि त्याची गाळणी बनवता येते, सांडपाण्यातला रंग अडवणारी. त्यात उरलेलं ॲसिड मात्र धुऊन काढावं लागतं. नळ्या यंत्रात गरगर फिरवायच्या, गाळ खाली बसला की वरचं पाणी ओतून द्यायचं, नवं घालायचं, की पुन्हा तेच.

तिचे दोन घाणे वाया गेले होते. "गुरुवारी गाळणी दाखव, नाहीतर विषय दुसऱ्याला देतो," असं तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. बुधवारी दुपारपर्यंत तिचा फोन लागेना, तशी मी थेट तिथे जाऊन थडकले.

ती टेबलाशी उभी होती, डोळे भरलेले. गाळ खाली बसतच नव्हता. तपकिरी, जेलीसारखं काहीतरी नळीभर फुगलं होतं. "आई, हाही गेला," म्हणत ती नळ्या घेऊन टाकाऊ रसायनांच्या कॅनकडे निघाली.

"थांब पोरी!" सिंकपाशी असलेले काका ओल्या हातांनी धावत आले. "बिघडलं म्हणून कोण म्हणालं?"

"काका, सकाळपर्यंत नीट बसत होतं!"

"सकाळी ॲसिड होतं ना. ते गेलं, आता हे पाणी पितंय. असं फुगलं की धुऊन झालं. पट्टी लावून बघ की."

तिने रंग बदलणारी पट्टी बुडवली. सकाळी लालभडक झाली होती. आता नुसती पिवळसर, म्हणजे ॲसिड जवळजवळ संपलेलं. तिने नळ्या परत टेबलावर ठेवल्या.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

काका हात पुसत राहिले. "मागे एका मुलाने हेच ओतून दिलं. नंतर एका मुलीची अशीच जेली झाली, तर ती नाचायला लागली. तेव्हा कळलं. त्या मुलाच्या वेळीही मला शंका आली होती, ताई. पण म्हटलं, भांडी घासणाऱ्याने कशाला तोंड घालावं? त्याने विषयच सोडला."

गुरुवारी बाटलीच्या झाकणाएवढी तपकिरी गाळणी तयार होती. वरून निळं पाणी घातलं, खाली थेंब थेंब स्वच्छ पडलं. विषय तिच्याकडेच राहिला. सरांनी विचारलं, "किती वेळा धुतलं?"

"अकरा. बाराव्या वेळी काकांनी अडवलं."

"धुताना कुठे अडवलं? फेकताना अडवलं," सिंकपाशी काका पुटपुटले. सरांनी वळून पाहिलं, आणि त्यांना टेबलाशी बोलावून घेतलं.

आता तिचा फोन लागला नाही, की मी काकांना करते. ते म्हणतात, "ठीक आहे पोरगी. जेवली नाही, एवढंच."