भाताचा हात

आजवर मी बारा-तेरा हात बनवले असतील. सगळे उजवे, सगळे भाताचे. रबरी हातमोज्यात गरम भात ठासून भरायचा, मनगटाशी सुतळीने गाठ मारायची आणि माणसाच्या अंगाइतका कोमट होईपर्यंत थांबायचं. पुरेसा निवला की नाही, हे घरमालकीण काकू गालाला लावून सांगायच्या. माझ्याकडे थर्मामीटर होता, पण त्याच्यावर काकूंचा विश्वास नव्हता. पुढे पुढे माझाही उरला नाही.

हे सगळं मी नोकरीचा भाग म्हणून करत होते. मी कासार आंबोलीत एका गोठ्याच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. गावात शनिवार-रविवारचे बंगले पुष्कळ झालेत, पण त्यांच्या मालकांना खोली भाड्याने द्यायची नसते, आणि मला म्हशींचा वास चालतो. उरवड्याला एका छोट्या कंपनीत मी यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिते. यंत्राच्या पोटात नखाएवढी चिप असते; तिने यंत्र कधी चालवायचं आणि कधी थांबवायचं, हे तिला सांगणं हे माझं काम. घरमालक काकांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे वायरमन." मी नाही म्हटलं. तरी गावात मी वायरमनच आहे आणि लोक मला मिक्सर दुरुस्तीला आणून देतात.

खाली गोठ्यात दोन म्हशी आणि एक कडबाकुट्टी. चाऱ्याची पेंढी एका बाजूने पत्र्यावरून सरकवायची, रोलर ती आत ओढतात आणि फिरती पाती तिचे तुकडे करतात. काकूंच्या उजव्या हाताचं मधलं बोट एका पेराने कमी आहे. ते पेर याच यंत्राने नेलं, मी राहायला यायच्या आधी. "साडेनऊ हायेत," त्या सांगायच्या, शेजारच्याच्या आंब्यांविषयी बोलावं तशा. आणि रोज सकाळ-संध्याकाळ तोच हात घेऊन त्याच यंत्रापुढे उभ्या राहायच्या. वर मला घरघर ऐकू आली की मी हातातलं काम ठेवून ती थांबायची वाट बघायचे.

साडेनऊची साडेआठ होऊ द्यायची नाहीत, असं मी मनाशी ठरवलं. त्यात मायेपेक्षा राग जास्त होता. होतंय, चालतंय, काय होत नाही, असं कुणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. मला माणसांचा भरवसा वाटत नाही, नियमांचा वाटतो. म्हणून तर मी या धंद्यात आले.

कंपनीलाही असंच काहीतरी बाजारात आणायचं होतं, त्यामुळे साहेबांनी काकूंच्या यंत्रावर चाचणी घ्यायला परवानगी दिली. वस्तू साधी होती. कडबाकुट्टीच्या तोंडाशी एक सेन्सर बसवायचा आणि तो वायरने चिपच्या एका पेटीला जोडायचा. चारा थंड असतो, हात उबदार असतो. ऊब दिसली की पेटीने यंत्र जागच्या जागी थांबवायचं. शिवाय एक जास्तीची काळजी मी घेतली होती. यंत्राच्या थरथरीने सेन्सरची वायर निसटली, म्हणजे पेटीचा डोळाच गेला, तर यंत्र चालूच होऊ द्यायचं नाही. त्यासाठी एक ओळ लिहिली होती: सेन्सर जागेवर आहे का बघ, नसेल तर थांब. ती ओळ मला फार आवडायची. इतकी शहाणी ओळ मी आधी कधी लिहिली नव्हती.

चाचणीला हात हवा होता, आणि स्वतःचा द्यायला कोणी तयार नव्हतं. गाजरं पटकन थंड पडायची. उकडलेल्या बटाट्यांना बोटं नसतात. भाताची कल्पना काकूंची. मी घरातला बासमती काढला तर काकांनी तो हात उचलून बघितला आणि खाली ठेवला. "ह्याची बोटं बगा, आजारी मानसावानी लोंबत्यात. इंद्रायणी घ्या, चिकाट आसतो." इंद्रायणीची बोटं खरोखरच ताठ उभी राहिली. साहेबांनी अहवालात 'तांदूळ भरलेला कृत्रिम हात' असं लिहायला सांगितलं, मग फोन करून विचारलं, "कुठला तांदूळ? कस्टमर विचारेल." आमच्या कंपनीच्या चाचणीच्या कागदपत्रांत आजही 'इंद्रायणी, नवा नको, जुना' असं छापलेलं आहे.

दर रविवारी सकाळी चाचणी व्हायची. भाताचा हात बांबूला बांधून काका तो यंत्राच्या तोंडाशी न्यायचे आणि यंत्र थांबायचं. मग मी सेन्सरची वायर उपसायचे, काका चालूचं बटण दाबायचे आणि यंत्र ढिम्म हलायचं नाही. पहिल्या रविवारी बघायला शेजारचे दोघे होते. तिसऱ्या रविवारी गोठ्याच्या दारात चपलांचा ढीग होता. पौडहून काकांचे व्याही आले होते आणि त्यांना पुढे बसायला खुर्ची दिली होती. हात वाचला की लोक टाळ्या वाजवायचे. एका म्हातारीने त्याला कुंकू लावलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी लिहिते ती भाषा चिपला कळत नाही. ती चिपच्या भाषेत उतरवून देणारा एक प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. तो दोन तऱ्हांनी काम करतो. तपासायच्या आवृत्तीत मी लिहिलेलं ओळीला ओळ उतरवतो. गिऱ्हाइकाला पाठवायच्या आवृत्तीत तो डोकं चालवतो, अनावश्यक वाटेल ते गाळतो आणि सगळं आटोपशीर, चपळ करून देतो. रविवारी मी लॅपटॉप जोडून तपासायची आवृत्ती चढवायचे, कारण तिच्यात पडद्यावर आकडे बघता येतात. लोक गेले की पाठवायची आवृत्ती चढवून पेटी बंद करायचे. आठवडाभर काकू वापरायच्या ती ही दुसरी.

चौथ्या रविवारी मी लॅपटॉप ऑफिसात विसरले. भात शिजला होता, माणसं जमली होती, व्याही पुन्हा आले होते. काका म्हणाले, "पेटी हाय न्हवं? मंग लॅपटाप कशाला?" मलाही ते पटलं. हात पुढे नेला, यंत्र थांबलं, टाळ्या पडल्या. मग मी वायर उपसली आणि काकांनी बटण दाबलं. यंत्र घर्र करून चालू झालं. रोलरांनी आधी करंगळी धरली, मग सगळा हात, मग वीतभर बांबू. पलीकडून भात उडाला. म्हशी तेवढ्या पुढे सरकल्या, आणि काकू रबराचे तुकडे वेचायला त्यांच्या तोंडासमोर बसल्या.

पुढचे तीन दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. लॅपटॉप जोडून तपासायची आवृत्ती चढवली की यंत्र शहाण्यासारखं थांबायचं. पाठवायची चढवली की आंधळं होऊन चालायचं. म्हणजे मी बघत असले की ते नियमाने वागायचं आणि माझी पाठ वळली की नाही. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "सोपंय. मग तपासायचीच आवृत्ती विकू या." मी फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी मी कंपायलरने तयार केलेला चिपच्या भाषेतला मजकूर काढून ओळ न् ओळ वाचायला बसले. माझी ती आवडती ओळ तिथे नव्हतीच. चुकीची उतरली होती असंही नाही. तिचा मागमूस नव्हता.

मी कंपायलरला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. नंतर माझं मलाच दिसलं. त्या ओळीच्या वरच्याच ओळीत मी सेन्सरकडून उबेचा आकडा घेतला होता. म्हणजे आधी आकडा घेतला, आणि मग विचारलं, सेन्सर आहे का? आता, नसलेल्या वस्तूकडून आकडा घेतला तर काय व्हावं, हे त्या भाषेच्या नियमांत लिहिलेलंच नाही. काहीही होऊ शकतं, असं म्हणून नियमवाले मोकळे झालेत. आणि कंपायलर असं धरून चालतो की नियमात नसलेलं प्रोग्रामर कधी करणारच नाही. मग त्याचा विचार असा: या बाईने सेन्सरकडून आकडा घेतलाय, त्या अर्थी सेन्सर आहेच. आहेच तर पुन्हा 'आहे का' कशाला विचारायचं? गाळा. आणि वायर निसटल्यावर चिपला सेन्सरच्या रिकाम्या जागेवरून जो कसला तरी आकडा मिळत होता, तो तिला गारठलेल्या चाऱ्यासारखा वाटत होता.

याला पुस्तकांत फार भारदस्त नाव आहे आणि मी ते मुलाखतींत लोकांना विचारतेसुद्धा. तरी मला स्वतःला लाज वाटली. मी निष्काळजी लोकांवर डाफरत हिंडत होते, आणि माझ्यावर जरुरीपेक्षा जास्त विश्वास ठेवणारा एक प्रोग्राम माझ्याच दोन ओळींच्या मधून काकूंचा हात आत सोडत होता.

संध्याकाळी काकू चारा निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून त्यांना सगळं सांगितलं, माझी चूक धरून. मला वाटलं त्यांना कळणार नाही. पण त्या मध्ये एकदाही अडल्या नाहीत.

"बराबर हाय की त्याचं," त्या म्हणाल्या.

"कोणाचं?"

"त्या तुमच्या कंपायलराचं. वायरमन खांबावर चढला तर लाईट बंदच आसनार. त्येला कोन खालनं इचारतंय का, बाबा बंद केली का?"

"विचारायला पाहिजे, काकू."

"न्हाई इचारत. तो शहाना हाय म्हनूनच चढलाय, आसं धरतो आपुन." त्यांनी एक पेंढी झटकली. "मी बी तसंच केलं. पेंढी आत ढकलायला माजं लाकूड व्हतं, हातभर. तेच्यामुळं हात लांब ऱ्हायचा. तुमची पेटी आली, म्हनलं आता बोट तुटनारच न्हाई, लाकूड ठिवून करायचं काय? घातलं बंबात."

मी विचारलं, "कधी?"

"पेटी बसवली त्याच दिशी. आंगुळीला पानी चांगलं तापलं."

म्हणजे जवळजवळ चार आठवडे, दिवसातून दोनदा, त्या उघड्या हाताने त्या तोंडात चारा लोटत होत्या. वायर एकदा जरी निसटली असती तरी. माझी पेटी यायच्या आधी त्यांच्या बोटांची राखण एक लाकडाचा तुकडा करत होता, आणि तो मी जाळायला लावला होता. मला रडू यायला लागलं. काकू माझ्याकडे नवलाने बघत राहिल्या.

"न्हाई तुटलं की," त्यांनी हात पुढे धरून दाखवला. "हे बगा. हायेत सगळी."

"तुटलं असतं, काकू."

"आसतं न्हवं? मंग."

मी दोन ओळींची अदलाबदल केली. आधी विचारायचं, मग आकडा घ्यायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. पाठवायची आवृत्ती उघडून माझी ओळ आत आहे ना, ते तीनदा पाहिलं. भाताचे आणखी चार हात केले, चारही वाचले, आणि काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पेटी बसवायला उभे राहिले. तेव्हा मी अट घातली. पेटी नाहीच असं धरून काम करायचं आणि नवं लाकूड वापरायचं.

"पेटी न्हाई आसंच धरायचं, तर मंग बसवायची कशाला?" काकूंनी विचारलं.

त्या मला चिडवत नव्हत्या. मी काकांकडे लाकूड मागितलं. काकांनी बाभळीचं लाकूड तासून दिलं. काकूंनी ते दोन दिवस वापरलं. तिसऱ्या दिवशी ते गोठ्याच्या दाराला टेकू म्हणून लावलेलं दिसलं.

तेव्हापासून घरघर सुरू झाली की मी खाली जाते आणि काकूंचं काम संपेपर्यंत यंत्राशेजारी उभी राहते. ऑफिसला रोज उशीर होतो. साहेबांना मी रस्त्याचं कारण सांगते. काकूंना मात्र सोबत आवडायला लागली आहे. पूर्वी त्या मान खाली घालून, एकेक पेंढी बघून आत सरकवायच्या. आता मान वर असते, डोळे माझ्याकडे असतात, आणि उजवा हात आपला आपणच आत जात असतो.

"काकू, हाताकडं बघा," मी म्हणते.

"तुमी बगताय की," त्या म्हणतात, आणि सुनेच्या माहेरची गोष्ट पुढे सांगू लागतात.