सासरे परत आले होते

"हेरेडिटी, म्हणजे आनुवंशिकता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "असा राग घरात आणखी कुणाला होता?"

"होता!" हे, मी आणि सासूबाई एका सुरात ओरडलो. इतक्या उत्साहाने कुणी आजार कबूल केला नसेल.

ऐंशीच्या दशकातलं मुलुंड. माझी शुभा सहा वर्षांची. मनाविरुद्ध झालं की ताट भिरकावायची, श्वास कोंडून निळी पडायची. शाळेने बजावलं होतं, इलाज करा, नाहीतर घरी ठेवा. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढला. बाकावर बसून मी नखं कुरतडली. रिपोर्ट चांगला आला आणि माझी भीती दुप्पट झाली. मेंदूत दोष नाही, म्हणजे हे रक्तातलंच. सासरेही असेच तापट. शेवटी खोलीला कडी लावून भिंतीशी भांडत. माझ्या पोरीचं तेच होणार?

"तिने आजोबांना पाहिलंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ते गेले नि वर्षात ह्या पोर झाला," सासूबाई म्हणाल्या. "तेच इले परत."

आमचं कोकणी घर! शुभा चिडली की सासूबाई डोक्यावर पदर घेत. "काय होया तुमका?" हे, साहेबापुढेही न वाकणारे, हात जोडत. मी धावत गूळखोबरं आणी. कोपलेल्या पितरावर आवाज कोण चढवणार?

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "तापटपणा रक्तातून आला असेल. पण ताट फेकलं की घर हात जोडतं, हे एन्व्हायर्नमेंट, म्हणजे भोवतालचं वातावरण. रक्त मला बदलता येत नाही. तिला आजोबा म्हणणं बंद. ओरडली तर जवळ बसा, मागेल ते देऊ नका."

"आणि ते कोपले तर?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्याकडे पाठवा."

त्याच आठवड्यात ताट उडालं. आमटी भिंतीवर, शुभाचे ओठ निळे. सासूबाईंचा हात पदराकडे गेला आणि थांबला. त्या तिच्याशेजारी फतकल मारून बसल्या.

"शुभा, ताट उचल."

नावाने हाक त्यांनी पहिल्यांदाच मारली होती. पोरीने श्वास सोडला. खूप रडली. मग हळूच म्हणाली, "आजी, आजोबा गेले?"

"गेले गो बाय."

"परत माझ्यात येणार नाहीत ना? मला त्यांची भीती वाटते."

तुमच्या घरी असं मूल असेल तर रक्ताची चौकशी जरूर करा, पण मुलाला कशाची भीती वाटते, तेही विचारा. आम्हाला ते सुचलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी वर्षभर सांभाळून घेतलं. राग पुरता गेला नाही, शाळा मात्र टिकली.

त्या पितृपक्षात सासूबाईंनी सासऱ्यांचं पान पहिल्यांदा वाढलं. एरवी म्हणत, "जेवतत तर घरातच, वेगळा पान कित्याक?" शुभानेच ते गच्चीवर नेऊन ठेवलं. कावळा शिवेपर्यंत ती तिथून हलली नाही.