मोटार चालू असताना

आमच्या गारखेड्याच्या कॉलनीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण होता आणि तो गिऱ्हाइकांच्या मशीनमधले पार्ट काढून घ्यायचा, असं कुणाला अजूनही वाटत असेल, तर ते माझ्यामुळे. ते खरं नव्हतं. माझं वय आता असं आहे की हे लिहायचं आणखी पुढे ढकलणं बरं नाही.

कॉम्प्युटर मुलीच्या शिक्षणासाठी घेतला होता. ती नोकरीला पुण्याला गेली आणि तो बैठकीच्या खोलीत कव्हर घालून पडून राहिला. जाण्याआधी तिनं मला त्यावरचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम शिकवला होता. सरकारी कचेरीत फायली पुढे सरकवण्यात माझा जन्म गेला. घाटातून भरधाव गाडी पळवताना मला काय व्हायचं ते सांगता येत नाही. बायको म्हणायची, "स्कूटर चालवताना गल्लीतली कुत्रीसुद्धा तुम्हाला मागं टाकतात, आणि इथं बघा."

ती दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडीत मृतसाठा उरला होता आणि शहर मात्र बीड बायपासच्या पलीकडे वाढतच होतं. आमच्या समोरच्या मोकळ्या प्लॉटवर अपार्टमेंट उभं राहत होतं, त्याच्या धुळीनं घर भरून जायचं. नळाला कित्येक दिवसांनी पाणी यायचं, तेही बारीक. कॉलनीच्या बैठकीत ठरलं की नळाला कुणीही मोटार लावायची नाही, नाहीतर गल्लीच्या टोकाच्या घरांना थेंब मिळत नाही. मी कॉलनीचा सचिव होतो. घरोघर जाऊन हे सांगणारा मीच होतो. आणि जिन्याखाली, जुन्या गादीच्या आड, माझी छोटी टिल्लू मोटार होती.

पाण्याच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून घरी यायचो. पाइप जोडायचा, मोटार चालू करायची, आणि टाकी भरेपर्यंत गेम खेळत बसायचं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून गेमचा आवाज मोठा ठेवायचो. एरवी कॉम्प्युटरला माझा हात लागत नसे.

तेव्हाच मशीन अडकायला लागलं. गाडी वळणावर जागच्या जागी थांबायची, माऊस हलायचा नाही, आवाज एकाच सुरावर घरघरत राहायचा. बटण दाबून बंद करण्याशिवाय इलाज नसे.

कोपऱ्यावरच्या गाळ्यात त्याचं दुकान होतं. तिशीतला, करमाडकडचा, धनगराच्या घरातला. वडील मेंढरं राखायचे. औद्योगिक वसाहतीत थोडी जमीन गेली, त्या पैशांतून याचं दुकान झालं होतं. बोलका होता. घरी आला, मशीन उघडलं आणि हसला. "काका, यात निम्मं अपार्टमेंट हाय. बिल्डरला सांगून विटा बी टाकून घ्या." त्यानं धूळ काढली, पंखा साफ केला, चिप तापू नये म्हणून तिच्यावर नवी पेस्ट लावली आणि माझ्यासमोर तासभर गेम चालवला. एकदाही अडकला नाही.

पुढच्या पाण्याला पुन्हा तेच.

तो परत आला. विंडोज नव्यानं टाकलं. त्याच्यासमोर सगळं सुरळीत. "माझ्या हाताखाली शहाण्या लेकरावानी वागतंय. तुमाला बघूनच बिथरतंय का?" तिसऱ्या वेळी तो मशीन दुकानात घेऊन गेला, दोन दिवस ठेवलं, कॅसेटवर गाणी लावावीत तसा गेम सतत चालू ठेवला म्हणाला. काही झालं नाही. मशीन घरी आलं आणि पाण्याच्या दिवशी गाडी पुन्हा वळणावर थांबली.

मी चिडून स्वतःच मशीन उघडलं. आतली रॅमची पट्टी वेगळी दिसली. पहिल्या पट्टीवर मुलीनं पेनानं बारीक खूण केलेली होती, हिच्यावर नव्हती. मला वाटलं, सापडलं. माझी चांगली पट्टी काढून यानं जुनी बसवली, म्हणूनच अडकतं. अडकणं त्याआधीपासून होतं, हे मी सोयीस्कर विसरलो.

त्याला विचारायला हवं होतं. मी सकाळी फिरायला जाणाऱ्यांना सांगितलं. कॉलनीत मुलांना कॉम्प्युटर शिकवणारा एक खाजगी क्लास होता. तिथले सर आमच्यातच फिरायचे आणि क्लासच्या सगळ्या मशीनचं वर्षाचं काम ते या माणसाला देणार होते. मी म्हणालो, "सर, जपून. पार्ट बदलतो." कुणीतरी म्हणालं, "मेंढरं राखायची सोडून हे धंदे कशाला?" सगळे हसले. मीही हसलो. काम दुसऱ्याला गेलं.

त्यानंतरच्या पाण्याला मी खेळत असताना ट्यूबलाइट मिणमिणली, गाडी थांबली. घरघर नको म्हणून मी स्पीकर बंद केला आणि जिन्याखालून मोटारीची गुरगुर ऐकू आली. मी उठून मोटार बंद केली. गेम पुन्हा लावला. चालला. मोटार चालू केली. थोड्या वेळात अडकला. यूपीएसची बॅटरी कधीच संपली होती, ती बदलायचा मी कंटाळा केला होता. मोटार ओढायची, विजेचा दाब उतरायचा, आणि गेममुळे जास्त वीज मागणारं मशीन तिथंच गोठायचं. साधी गोष्ट होती. ती कुणाला सांगायची तर आधी मोटार सांगावी लागणार होती.

दोन दिवसांनी तो दारात आला. बसला नाही. खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. आत खुणेची पट्टी होती.

"ही तुमची. म्या माझी नवी टाकली व्हती, फरक पडतो का बघावं म्हणून. सांगायचं राहिलं, ती चूक माझी. पण काका, सरांना असं कशाला बोललात?"

मी म्हणालो, "मला काय माहीत? दिसलं ते बोललो."

त्यानं वाकून मशीनच्या मागच्या वायरी पाहिल्या. मग म्हणाला, "एक इचारू? अटकतं तवा घरात दुसरं काय चालू असतं? लाईट कमी-जास्त व्हती का?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला मोटार माहीत होती, आता मी सांगितल्यामुळे कारणही माहीत होतं.

"नाही," मी म्हणालो. "पंखा असतो, एवढंच."

"मग मलाच कळत नाय म्हणायचं," तो म्हणाला आणि गेला. त्याची नवी पट्टी माझ्या मशीनमध्येच राहिली.  पुढच्या पाण्याला बायकोनं मोटारीला हात लावू दिला नाही, बारीक धारेखाली बादल्या भरत बसली. काही महिन्यांत कोपऱ्यावरच्या गाळ्याचं शटर उतरलं. तिथं पुढे मोबाइलचं दुकान आलं.

बायको गेल्यानंतर मला ते घर खायला उठलं. गेल्या वर्षी मी चौकशी करत करमाडजवळच्या त्याच्या गावी गेलो. तो शेंद्र्याच्या कंपनीत पाळीवर जातो. त्यानं लगेच ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, ते मशीन मग चाललं का?"

मी सगळं सांगितलं. मोटार, ट्यूबलाइट, त्या दिवशीचं माझं 'नाही'.

तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो हातातला रुमाल दुमडत राहिला. "गिऱ्हाइक तुटलं म्हणून दुकान बंद केलं नाय म्या," तो म्हणाला. "हळूहळू आलं असतं. पण कुणाचं मशीन उघडलं की वाटायचं, ह्यातलं बी आपल्याला कळणार नाय. हातच चालंना."

मी माफी मागितली. ती त्यानं घेतली की नाही, मला कळलं नाही.

मग तो म्हणाला, "मला सांगितलंत ते ठीक. म्हाताऱ्याला सांगा. तुमच्या कॉलनीत आमच्या गावचा एक गवंडी कामाला व्हता, त्यानं ते बोलणं इकडं आणलं. म्हातारा अजून इचारतो, खरंच काढला व्हता का रं पार्ट?"

वडील मागच्या पत्र्याखाली खाटेवर बसले होते. डोक्याला फेटा, पायाशी दोन शेळ्या. मी जवळ जाऊन बसलो आणि बोलायला लागलो. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"मोठ्यानं बोला," मागून तो म्हणाला. "त्यांना ऐकू कमी येतं."

मी आवाज चढवला. शेजारच्या अंगणात धान्य पाखडणाऱ्या बायका थांबल्या. मी ओरडून सांगितलं की तुमच्या मुलानं काही काढलं नव्हतं, मी खोटं बोललो, चूक माझ्या घरातल्या मोटारीची होती.

म्हाताऱ्यानं मान वळवून मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे यानं काढला नाय?"

"नाही."

"पुन्यांदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.